किडनी बदलली, आता सावड हवी



सावड म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. एकाच्या दावणीला एक बैल, शेजाऱ्याच्या दावणीला एक. दोघांची जोडी जमली की औत चालते. आज तुमच्या रानात, उद्या त्याच्या. भांगलणीला आणि सुगीला बायकाही एकमेकींच्या शेतात अशाच सावडीने जातात. तिथे पैशाचा हिशेब नसतो. आज मी तुझ्या उपयोगी पडतो, उद्या तू माझ्या पड, एवढाच करार असतो.

माझी सारी नोकरी शेतीखात्यात गेली. तरी आज बोलायचे आहे ते पिकाविषयी नाही, माणसाविषयी. ज्यांच्या किडन्या निकामी झाल्या आणि दुसऱ्याची किडनी बसवून जे पुन्हा उभे राहिले, अशा माणसांच्या सावडीविषयी. गावोगाव फिरताना असे लोक आता भेटू लागले आहेत. कोणाला आईने किडनी दिली, कोणाला बायकोने. काहींना अपघातात दगावलेल्या एखाद्या अनोळखी माणसाच्या घरच्यांनी दिली. ऑपरेशनच्या वेळी सारा गाव धावून येतो. वर्गणी निघते, देवाला नवस होतात, माणूस घरी आला की पेढे वाटतात. पण पेढे संपल्यानंतरची पुढची वर्षे त्या माणसाने कोणाच्या आधाराने काढायची, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो आज आपण करू.

कलम आणि किडनी

आंब्याचे कलम आपल्या ओळखीचे आहे. रायवळ खुंटावर हापूसची काडी बांधली आणि दोघांचे जमले की ती एकजीव होतात. मग त्या झाडाला जन्मभर 'ही काडी परकी आहे' अशी आठवण होत नाही. माणसाच्या शरीराचे तसे नसते. शरीराला आपले कोण आणि परके कोण हे ओळखणारी एक राखण असते. ती रोगजंतूंना मारते, म्हणून आपण जगतो. परंतु दुसऱ्याची किडनीही तिला परकीच वाटते. एक वर्षाने वाटते, तशीच दहा वर्षांनीही वाटते.

किडनी बदलण्याचे पहिले यशस्वी ऑपरेशन २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन शहरी झाले. रिचर्ड हेरिक या रोग्याला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची किडनी बसवली. दोघे अगदी एकसारखे जुळे असल्यामुळे एकाच्या शरीराला दुसऱ्याची किडनी परकी वाटली नाही. ऑपरेशन करणारे डॉ. जोसेफ मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. किडनी देणारा रोनाल्ड एका किडनीवर २०१० सालापर्यंत, म्हणजे ७९ वर्षांचा होईतो जगला. आपल्या देशात नातेवाइकाची किडनी बसवण्याचे यशस्वी ऑपरेशन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली झाले.

पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून आणायचा? ती अडचण कशाने सुटली हे ऐकून तुम्हाला आनंद होईल. ती मातीने सोडवली. नॉर्वे देशातल्या मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले आणि १९८३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या एका जिवाणूपासून १९८४ साली टॅक्रोलिमस सापडले. किडनी बसवलेल्या बहुतेक रुग्णांना आज हेच औषध असते. आपण ट्रायकोडर्मा मातीत मिसळतो ते पिकाच्या रक्षणासाठी. इथे मातीतल्याच जिवांनी माणूस वाचवला.

ही औषधे शरीराच्या राखणीला गुंगीत ठेवतात. त्यातून दोन गोष्टी निघतात. गोळ्या थांबल्या की राखण जागी होते आणि किडनीवर तुटून पडते. आणि राखण गुंगीत असल्यामुळे साधा जंतूही चटकन शिरतो. या दोन वाक्यांत साऱ्या पथ्याचे मूळ आहे. गोळ्या किडनी चालते तोवर घ्यायच्या आणि जंतूंपासून जपायचे.

घरी आल्यावर

दवाखान्यात डॉक्टर आणि नर्सबाई असतात. घरी आल्यावर मात्र शंभर तोंडांचे शंभर सल्ले सुरू होतात. एक पाव्हणा म्हणतो, "आता ठणठणीत दिसतोस की, कशाला रोज मूठभर गोळ्या खातोस?" दुसरा गुळवेलीचा काढा घेऊन येतो, त्याने ताकद वाढते म्हणून. त्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु गुळवेल शरीराची राखण जागी करते असे मानले जाते आणि या रुग्णाला तर ती गुंगीतच ठेवायची असते. ही गोष्ट पाव्हण्याला ठाऊक नसते.

आमच्या भागातल्या एका तरुण शेतकऱ्याला आईने किडनी दिली. दोन वर्षे उत्तम गेली. तिसऱ्या वर्षी कांद्याचा भाव पडला, सोसायटीचे देणे थकले. घरात कोणाला न सांगता त्याने दोन वेळच्या गोळ्या एक वेळ घ्यायला सुरुवात केली. अंगाला काही जाणवेना, म्हणून त्याला वाटले, चालतेय. चार महिन्यांनी पायांवर सूज आली तेव्हा उशीर झाला होता. आईची किडनी गेली आणि पोरगा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊ लागला.

त्या पोराला बोल लावणारे पुष्कळ भेटले. मला एवढेच वाटते, की गोळ्या कमी करण्याच्या आदल्या रात्री "गड्या, पैसे संपलेत, काय करू?" असे विचारावे असा एकही माणूस त्याच्यापाशी नव्हता. डॉक्टर दीडशे किलोमीटरवर. आईला कसे सांगणार? तिने तर पोटातली किडनी काढून दिली होती. मित्रांना त्यातले कळत नव्हते. हीच गोष्ट त्याने दुसऱ्या किडनी बसवलेल्या माणसाला विचारली असती, तर तो ताडकन म्हणाला असता, "कर्ज काढ, पण गोळी सोडू नकोस. चल, दवाखान्याच्या समाजसेवकाकडे जाऊ."

ज्याचं जळतं त्याला कळतं

शेजारच्या तालुक्यात चौघे जण आहेत. एक ऊस बागाईतदार, एक शाळेत शिपाई, एक शेळ्या पाळणाऱ्या बाई आणि एक कॉलेजात जाणारा मुलगा. एरवी त्यांची गाठ पडण्याचे कारण नव्हते. शहरातल्या दवाखान्यात रक्त तपासणीच्या खोलीबाहेर जो लाकडी बाक असतो, त्या बाकावर त्यांची ओळख झाली.

पहिल्याच दिवशी शिपाईभाऊंनी बागाईतदाराला विचारले, "दादा, सकाळची गोळी घेतली काय?"

"घेतली की. पहाटेची एसटी, म्हणून घरूनच घेऊन निघालो."

"मग आजची तपासणी वाया. रक्तात औषध किती उरलंय ते बघतात. रक्त दिल्यावर गोळी घ्यायची. डबीत घालून बरोबर आणत जा."

डॉक्टरांनीही हे सांगितले असणार. पण दवाखान्यात एका दमात वीस गोष्टी सांगतात, त्यातल्या पाच ध्यानात राहतात. बाकावरच्या माणसाने सांगितलेली गोष्ट मात्र मनात रुतून बसते, कारण तो स्वतः एकदा त्याच पायी फुकट खेटा घालून आलेला असतो.

आता हे चौघे तपासणीची तारीख शक्यतो एकच घेतात. एकाची गाडी असली की बाकीचे तेलाचे पैसे घालतात. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ ही गोळीची वेळ. मुलगा परीक्षेच्या दिवसांत विसरतो, म्हणून शेळ्यावाल्या ताई त्याला फोन करतात, "बाळा, घेतलीस का रे?" कोणत्या दुकानात औषध मिळते, कुठे संपले आहे, हे एकमेकांना कळवतात. एकाला ताप आला की बाकीचे तिघे त्याला घरगुती उपाय करू देत नाहीत. त्याच दिवशी दवाखान्यात फोन लावायला लावतात.

आणि औषधपाण्यापलीकडच्याही गोष्टी असतात. औषधाने चेहरा सुजतो, हात थरथरतात. लग्नाच्या बोलण्यात ही गोष्ट निघाली की काय सांगायचे, हा प्रश्न त्या मुलाला पडतो. 'माझ्यापायी घर कर्जात बुडाले' ही बोच बागाईतदाराला रात्री झोपू देत नाही. हे बायकोशी बोलता येत नाही, भावाशी येत नाही. ज्याच्या पोटावर तसाच टाका आहे, त्याच्याशी बोलता येते.

एक मर्यादा मात्र त्यांनी पहिल्यापासून पाळली आहे. अनुभव वाटायचा, पण औषधाचे माप वाटायचे नाही. एकाला जेवढी मात्रा लागते तेवढी दुसऱ्याला लागेलच असे नाही. शेजाऱ्याच्या जमिनीचा माती परीक्षण अहवाल पाहून आपण आपल्या रानात खत टाकत नाही, तसेच हे आहे. गोळी कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम.

शेतकऱ्याने ध्यानात ठेवायच्या गोष्टी

शहरातल्या रुग्णाला आणि आपल्याला पथ्य एकच, पण आपले काम मातीत आणि जनावरांत. म्हणून शेतकरी रुग्णांनी एकमेकांना पुढील गोष्टी जरूर सांगाव्यात.

१. पहिले सहा महिने विशेष जपावे. शेण-गोठा, उकिरडा उपसणे, कंपोस्ट खत हलवणे ही कामे दुसऱ्याकडे द्यावीत. बुरसटलेला कडबा किंवा भुसा झाडताना जी धूळ उडते, तिच्यातली बुरशी फुप्फुसात शिरते. पुढेही अशा कामाला तोंडावर मास्क आणि हातात मोजे हवेत.

२. धारेचे दूध तसेच पिऊ नये, उकळूनच घ्यावे. पाणीही उकळून गार केलेले प्यावे. उघड्यावरचा रस, कापून ठेवलेली फळे टाळावीत.

३. भाताच्या चिखलात किंवा तुंबलेल्या पाण्यात उघड्या पायांनी जाऊ नये. पायाला जखम असेल तर मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिस याच वाटेने येतो.

४. औषध फवारणी स्वतः करू नये.

५. अंग दुखले म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेऊ नये. अशा बऱ्याच गोळ्या किडनीला मारक असतात. जडीबुटी, भस्म, काढे यांचेही तेच.

६. पपनस आणि त्याच्या जातीचे ग्रेपफ्रूट खाऊ नये. त्याने रक्तातले औषध एकदम वाढते.

७. उन्हात टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा वापरावा. या औषधांमुळे कातडीच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

८. ताप, लघवी कमी होणे, अंगावर सूज, एकदम वाढलेले वजन किंवा ओटीपोटात जिथे नवी किडनी बसवली आहे तिथे दुखणे, यांपैकी काहीही झाले तर 'उद्या बघू' म्हणू नये.

एवढे सांभाळून शेती होते. पेरणीवर देखरेख, बाजारहाट, हिशेब, पुढे डॉक्टरांनी परवानगी दिली की बेताचे अंगकष्ट, सारे करता येते. रुग्णाला 'तू बस, तुला नाही जमायचं' असे म्हणून कोपऱ्यात बसवू नका. त्याने माणूस आतून खचतो.

देणारीला विसरू नका

आता थोडे घरच्या मंडळींशी. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संघटनेच्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात सर्व अवयव मिळून ३६,६४० प्रत्यारोपणे झाली. त्यांतली स्त्रियांवर झालेली फक्त ६,९४५. म्हणजे पाचांत एकीलाही धड मिळाले नाही. उलट, जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रियाच जास्त असतात. बहुधा आई किंवा बायको. देताना ती पुढे, घेताना मात्र मागे. हा आकडा वाचून आपण पुरुषांनी मान खाली घालावी असाच आहे.

ऑपरेशननंतर घरात नवऱ्यासाठी स्वच्छ अंथरूण आणि वेगळे भांडे असते. ते हवेच. पण जिने किडनी दिली तीही त्याच दिवशी टेबलावर होती. तिच्याही पोटाला टाके आहेत. ती पंधरा दिवसांत हंडा डोक्यावर घेऊन विहिरीवर दिसते. निदान सहा आठवडे तिने जड उचलू नये. दर वर्षी तिचा रक्तदाब, रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. एका किडनीवर माणूस नीट जगतो हे खरे, पण त्या एका किडनीकडे लक्ष हवे.

म्हणून या सावडीत देणाऱ्या बायाही असाव्यात. एका माऊलीने दुसऱ्या एका नव्या सुनेला सांगितलेले मी ऐकले, "बाई, पहिलं वर्ष मला उगीच रडू यायचं. सगळे त्याचीच तब्येत विचारायचे. तुला तसं झालं तर मला फोन कर." एवढे बोलणे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. आणि घरात सून आजारी पडली तर किडनी देण्याचा विचार सासरच्या पुरुषांनीही करावा, हे बोलण्याची हिंमतही अशाच बैठकीत येते.

ज्यांना मृत दात्याची किडनी मिळाली, त्यांची बोच निराळी. दात्याचे नाव गुप्त ठेवतात. 'कोणी तरी मेले म्हणून मी जगलो' असे त्यांना वाटत राहते. त्यांना जुना रुग्णच समजावू शकतो, की तो माणूस तुमच्यामुळे गेला नाही. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी दुःखातही तुमचा विचार केला. त्याची उतराई म्हणजे किडनी जपणे.

खेळाचे मैदान

इंग्लंडमध्ये मॉरिस स्लपाक नावाचे एक सर्जन होते. अवयव बदललेला माणूस दुबळा नसतो हे लोकांना दाखवावे, म्हणून त्यांनी १९७८ साली पोर्ट्समथ येथे अशा माणसांच्या खेळांच्या शर्यती भरवल्या. पाच देशांतले सुमारे शंभर खेळाडू आले. तेच पुढे जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धा झाले. २०२५ साली त्या जर्मनीत ड्रेस्डेन येथे भरल्या. धावणे, पोहणे हे निमित्त. खरे काम होते ते एकमेकांना पाहून धीर येण्याचे. आपल्याकडेही चेन्नईत १९९७ साली सुरू झालेले मोहन फाउंडेशन, मुंबईचे नर्मदा किडनी फाउंडेशन अशा संस्था या क्षेत्रात काम करतात. परंतु आपल्या तालुक्यातली बैठक आपणच भरवायला हवी.

सावड कशी बांधाल

पहिली पायरी दवाखान्यातली. प्रत्यारोपण करणाऱ्या प्रत्येक नोंदणीकृत रुग्णालयात प्रत्यारोपण समन्वयक असावाच लागतो. २०११ साली कायद्यात झालेल्या दुरुस्तीने तसे बंधन घातले आहे. त्यांना विचारा, "आमच्या भागातले आणखी कोणी आहेत का? त्यांची हरकत नसेल तर आमचा नंबर त्यांना द्या." कोणाचे नाव परस्पर मागू नका आणि परस्पर देऊही नका.

चार-पाच घरे जमली की महिन्यातून एकदा भेटा. भेट जमली नाही तर मोबाइलवर बोला. किडनी घेणारा, देणारी आणि घरातले एक जाणते माणूस, असे तिघेही असू द्या. ज्यांचे ऑपरेशन व्हायचे आहे त्यांनाही बोलवा. त्यांच्या शंका सर्वांत जास्त असतात. सर्दी-ताप असलेल्याने त्या दिवशी येऊ नये.

सरकारी मदतीची माहिती एकाने नीट मिळवून बाकीच्यांना सांगावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाचा समावेश आहे आणि २०२३ सालच्या निर्णयाने त्याची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये केली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात. किडनी प्रत्यारोपणासाठी किंवा डायलिसिससाठी रेल्वेने जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत आहे.

आणि एक कडक नियम. या बैठकीत किडनी 'मिळवून देतो' म्हणणारा दलाल दिसला, तर त्याला उंबऱ्याबाहेर काढा. १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. घेणारा, देणारा आणि दलाल तिघेही त्यात अडकतात.

बंधूंनो आणि भगिनींनो, तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात किडनी बसवलेला एखादा माणूस असेल. त्याच्या घरी जा. "आता बरा आहेस ना?" असे विचारून परत फिरू नका. त्याला विचारा, "तुझ्यासारखा दुसरा कोणी भेटलाय का?" नाही म्हणाला, तर शोधायला त्याला मदत करा. एका बैलाने औत ओढवत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?